गोळ्या बंद केल्या

आमच्या चर्चमध्ये दुसऱ्या गीतानंतर साक्षीची वेळ असते. पाळकसाहेब जरा बाजूला होतात आणि म्हणतात, या आठवड्यात प्रभूनं कोणाला काही दिलं असेल तर उभं राहून सांगावं. मग कोणीतरी उठतं, 'सगळ्यांना सलाम' म्हणतं आणि सांगतं. कोणाचा हरवलेला गोऱ्हा सापडलेला असतो, कोणाच्या सुनेची बाळंतपणातून सुटका नीट झालेली असते, कोणाचा पोरगा तिसऱ्यांदा बसून बारावी पास झालेला असतो. सांगून झालं की मंडळी 'आमेन' म्हणते. साक्ष जितकी मोठी, तितकं आमेन मोठं. मला लहानपणापासून ते मोठं आमेन फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, ते मला माझ्यासाठी हवं होतं.

आमचं गाव उमरखेड तालुक्यातलं, बाजाराचं. ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस, त्यातली निम्मी एकमेकांच्या नात्यातली, आणि उरलेली एकमेकांवर रुसलेली. माझे मिस्टर बाजार समितीत मापारी. लोकांचं सोयाबीन, तूर दिवसभर काट्यावर तोलायची आणि घरी येऊन गप बसायचं, असा माणूस. मी घरी ब्लाउज शिवते. बोलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं आणि ते मी दोघांच्या वाटचं करायची. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत. फुलसावंगीला माझं माहेर, तिथंही माहीत.

आम्हाला एकच मुलगी. अकराव्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तिला पहिली फिट आली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर 'माझा फ्रॉक ओला झाला का'. तो झाला होता. त्यानंतर बरेच दिवस ती शाळेत जाईना. आम्ही तिला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाई न करता बोलायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि आपल्या मनानं कधीही बंद करायची नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं. मी म्हणाले, बाई, मी काय येडी हाव का.

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. महिन्या-दीड महिन्यात एखादी यायचीच. पोरीचं सगळं आयुष्य त्या एका फिटीच्या भोवती बसवलेलं. विहिरीकडे जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, चुलीपाशी एकटं बसायचं नाही, सायकल तर नाहीच नाही. तिच्या मैत्रिणी सायकलवर शाळेत जायच्या आणि ही दप्तर घेऊन चालत. स्वभाव मात्र हसरा. माझ्या ब्लाउजांना हूक लावता लावता ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची. आमचे म्हातारे पाळकसाहेब उपदेशाच्या मध्येच शिंकायचे आणि मग पुढचा मुद्दा विसरायचे, ते तर ती असं हुबेहूब करायची, की माझ्या मिस्टरांच्या तोंडातला चहा बाहेर यायचा. यांना खळखळून हसवणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

ती सोळा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तालुक्यात एका रिकाम्या शेतात मांडव उभा राहिला. बाहेरचे कोणी उपदेशक आले होते, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे. मी तिला घेऊन गेले. रांगेत तीन तास उभं राहिल्यावर आमचा नंबर आला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पुढच्या माणसाकडे वळले. गोळ्यांबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते. हे मला नीट लिहायला हवं, कारण पुढे लोकांनी दोष त्यांच्यावर ढकलला आणि मी तो ढकलू दिला.

त्यानंतर चाळीस दिवस फिट आली नाही. एकही नाही. मी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारायची. त्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी जुनी गोळी बदलून नवी दिली होती, हे मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी रविवार होता. मी साक्षीला उठले. पदर सारखा केला, सगळ्यांना सलाम म्हणाले, आणि माझ्या पोरीला प्रभूनं बरं केलं असं सांगितलं. पोरगी माझ्या शेजारी चटईवर मान खाली घालून बसली होती. आमेन येणार इतक्यात पाळकसाहेबांनी मायेनं विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना, बाई?"

त्यांना काळजी होती, बाकी काही नाही. पण मला वाटलं, सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेब माझ्या साक्षीतली हवा काढून राहिले. गोळ्या चालू आहेत म्हटलं, तर मग प्रभूनं काय केलं? माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"नाही," मी म्हणाले. "गोळ्या बंद केल्या."

असं आमेन मी जन्मात ऐकलं नव्हतं. टिनाचं छत हललं. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. मी खाली बसले तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

घरी येताना पोरीनं विचारलं, "आई, आपण गोळ्या कुठं बंद केल्या? सकाळी तर घेतली मी."

"आजपासून बंद," मी म्हणाले.

असं झालं ते. लोकांना वाटतं, माझा विश्वास फार होता म्हणून मी गोळ्या थांबवल्या. तसं नव्हतं. देवाच्या घरात उभं राहून मी खोटं बोलले होते, आणि ते खरं करायचा मला एकच रस्ता दिसला. दुसरा रस्ता म्हणजे पुढच्या रविवारी उठून 'चुकलं' म्हणायचं. तो मला सुचला नाही असं नाही. सुचला होता.

पोरगी रस्त्यात थांबली आणि म्हणाली, मग मी सायकल चालवू का? तिचा चेहरा असा उजळला होता, की मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं, तर माझाच माझ्या साक्षीवर भरवसा नाही असं झालं असतं. तिच्या आत्याची जुनी सायकल घरात पडून होती. यांनी ती तेलपाणी करून दिली. देताना ते एवढंच म्हणाले, की डॉक्टरीणबाई नाही म्हणल्या होत्या. मी शिवणाच्या मशिनीवरून मान वर न करता म्हणाले, "तुमचा विश्वास बी काट्यावर तोललेला हाय. जरा इकडं-तिकडं झाला का तुमचा जीव जाते." यांनी सायकलची घंटी पुसली आणि ते आत गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

एकोणीस दिवस ती सायकलवर शाळेत गेली. विसाव्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही. मी दोनदा हाका मारल्या. दुसऱ्यांदा रागावून मारली, की पाणी संपवते का सगळं. मग यांनी दार तोडलं. आत ती पालथी पडली होती, तोंड पाण्यात. एवढंच लिहिते. याच्या पुढचं मला लिहिता येत नाही.

मातीला सगळी मंडळी आली. पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं. बायकांनी मला धरून ठेवलं होतं आणि एकेक जण कानाशी येऊन सांगत होती, की प्रभूची इच्छा, प्रभूला आवडली, प्रभूनं आपल्याजवळ नेली. गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला वाटलं होतं एखादी तरी तोंडावर म्हणेल, की बाई, तू मारलं तिला. मी वाट बघत होते. म्हणाली असती तर मी तिच्या अंगावर धावून गेले असते, किंवा तिच्या गळ्यात पडले असते, काय केलं असतं ठाऊक नाही. पण सगळ्या कशा चांगल्या वागत होत्या. त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला, की मी त्यानंतर दोनच रविवार चर्चमध्ये गेले. दुसऱ्या रविवारी साक्षीच्या वेळी कोणीतरी म्हशीबद्दल सांगायला उठलं आणि आमेन झालं. मी उठून बाहेर आले. चपला घातल्या आणि घरी येऊन मशिनीवर बसले.

नऊ वर्षं मी गेले नाही.

देव नाही असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. तो होता. तो तिथंच बसलेला होता त्या दिवशी, आणि त्यानं मला बोलू दिलं. एरवी माझ्या घशात कधी काटा अडकतो, कधी ठसका लागतो, त्या दिवशी का नाही लागला? यावर मी त्याच्याशी जे भांडले ते भांडण मी कोणाशी केलं नसेल, आणि भांडण्यात मी कच्ची नाही. पण भांडून भांडून शेवटी माझंच वाक्य माझ्या पुढ्यात यायचं. गोळ्या बंद केल्या. ते देवानं म्हटलं नव्हतं. मग भांडणही बंद झालं. प्रार्थनेला हात जोडायचे तर कोणत्या तोंडानं? माझं तोंडच तर खराब निघालं होतं.

हे मात्र दर रविवारी जात राहिले. सकाळी स्वतःच शर्टाला इस्त्री करायचे, मला चल म्हणायचे नाहीत, आणि तसेच निघून जायचे. आधीच कमी बोलणारा माणूस, आता तर घरात भांडी जास्त बोलायची. जेवायला बसलो की हे डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मी डोळे उघडे ठेवून भाजी निवताना बघायची. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावून ठेवला होता. मला वाटायचं, हा माणूस मला रोज तोलतो. पारड्यात काय पडतं ते त्याला माहीत आहे आणि तो सांगत नाही. कधी कधी मी मुद्दाम खोड काढायची. भाजीत मीठ जास्त टाकायची, की एकदा तरी ताट सरकवून म्हणतील, 'पोरीला खाल्लं, आता मला खा.' हे पाणी पिऊन तेवढीच भाजी खायचे. मग मी आत जाऊन रडायची.

पोरीबद्दल माझ्याशी कोणी बोलायचं असेल तर ती आमची शेजारीण. तहसीलमधल्या बाबूची बायको, गणपती-महालक्ष्म्या सगळं करणारी. पहिल्या वर्षी तिनं मला विचारलं, तुमच्यात वर्षश्राद्ध नसते का वो ताई? मी नसते म्हणाले. तर म्हणे, मग त्या दिवशी मी तुमच्याकडं येऊन बसते. आणि खरंच आली. दर वर्षी त्या तारखेला येते, चहा पिते आणि पोरगी कशी नकला करायची ते सांगते. चर्चच्या बायका मला रस्त्यात दिसल्या तर भाजीचे भाव विचारायच्या. मी त्यांना दोष देत नाही. मी तरी कुठं थांबून धड बोलत होते.

गेल्या वर्षी, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, एक तरुण बाई ब्लाउज टाकायला आली. पुसदकडची, नवऱ्याच्या नोकरीनं नुकतीच आमच्या गावात आलेली. आमच्याच मंडळीत जाते म्हणाली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी होती, ती माझ्या कातरणाच्या ढिगात बसून तुकडे निवडत होती. माप घेता घेता बाई सांगायला लागली, की ब्लाउज रविवारच्या आधी पाहिजे, रविवारी साक्ष द्यायची आहे. मी विचारलं, कशाची. तर म्हणाली, पोरीला फिट यायची, आता दोन महिने झाले एकदाही आली नाही, प्रार्थनेनं बरी झाली.

टेप माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, गोळ्या?

"अजून देते," ती म्हणाली. "पण साक्ष झाल्यावर बंद करतो, असं ठरवलं. नाही तर ते बरोबर दिसत नाही ना, काकू."

मी म्हणाले, बंद करू नको. ती हसली. मी पुन्हा म्हणाले, जरा जोरात. मला पोरीचं सांगायचं होतं. 'माही पोरगी' हे दोन शब्द तोंडात आले आणि तिथंच बसले. नऊ वर्षं ते शब्द मी कोणापुढे स्वतःहून उच्चारले नव्हते. मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात डाफरले, की डॉक्टरांना काय अक्कल नाही का, तुम्ही लोक शहाणे. तिचा चेहरा बदलला. तिनं पोरीला उठवलं, तिच्या हातातले तुकडे खाली ठेवायला लावले आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही तर चर्चमध्ये येतच नाही, काकू. तुम्हाला विश्वासाचं काय कळणार?"

ती गेली. आणि मला राग आला नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं असेल. ती म्हणाली ते खरंच होतं. घरी बसलेल्या बाईचं कोण ऐकणार? तिला कोणी काही सांगितलंही नव्हतं. नऊ वर्षांत ती गोष्ट सगळ्यांनी मिळून अशी पुरून टाकली होती, की नव्या माणसाला तिचा वासही लागू नये.

तो आठवडा मी कसा काढला, मला विचारू नका. दोनदा मी तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. पाळकसाहेबांना सांगावं तर म्हातारे पाळकसाहेब केव्हाच दुसरीकडे गेले होते. नवे तरुण, मी त्यांना ओळखतही नव्हते. यांना सांगावं, की तुम्ही बोला तिच्या नवऱ्याशी, तर यांच्यासमोर गोळ्या हा शब्द कोणत्या हिमतीनं काढायचा? शुक्रवारी ब्लाउज शिवून झाला. शनिवारी ती स्वतः आली नाही, नवऱ्याला पाठवून घेऊन गेली. मग मला कळून चुकलं, की माझ्याकडे आता एकच जागा उरली आहे आणि ती त्याच चटईवर आहे.

रविवारी हे गेल्यावर अर्ध्या तासानं मी निघाले. गीत चालू असताना आत शिरले आणि बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे बसले. बायकांनी वळून पाहिलं आणि गीताचा सूर जरा डगमगला. हे पुढे चर्चच्या कमिटीच्या लोकांबरोबर बसले होते. त्यांनी मला पाहिलं. पुस्तक हातात होतं, पण त्यांचे ओठ हलायचे थांबले. टेबलावर पांढरा कपडा झाकलेला होता. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

साक्षीची वेळ झाली. ती तरुण बाई पुढच्या ओळीत होती, मी शिवलेला ब्लाउज घालून. ती पदर सावरायला लागली आणि मी तिच्या आधी उभी राहिले. सलाम म्हणायचं विसरले.

"नऊ वर्षांपूर्वी मी इथं खोटी साक्ष देल्ली," मी म्हणाले. "गोळ्या बंद केल्या म्हणलं. तवा केल्या नव्हत्या. मोठं आमेन पाहिजे होतं मले, म्हणून बोलली. मंग घरी जाऊन केल्या. विसाव्या दिवशी माही पोरगी मेली. प्रभूनं नाई नेली तिले. म्या गोळ्या बंद केल्या म्हणून मेली."

नवी गोळी त्याच महिन्यात सुरू झाली होती, हेही मी सांगितलं. मग त्या बाईकडे बघून म्हणाले, तुझी पोरगी बरी आहे, त्याबद्दल देवाचे उपकार मान, पण गोळी चालू ठेव. एवढंच बोलायला मी आले होते. त्यानंतर मी बसले नाही, कारण आता मला बाहेर जायचं होतं. तरुण पाळकसाहेब हातातल्या पुस्तकाची पानं उलटत होते, त्यात काही सापडतं का ते बघत असावेत. ती बाई तोंडावर पदर धरून बसली होती.

तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या बायबलबाई उठायला लागल्या. जन्मभर गावोगाव पायी जाऊन बायांना सुवार्ता सांगितलेली बाई, आता ऐंशीच्या पुढं गेलेल्या. त्यांना उठायला दोघींचा आधार लागला. मला वाटलं, आता या मला खाली बसवतात.

"त्या दिवशी आमेन म्या म्हणलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्याइच्या वर माहा आवाज होता. अन् मले ठाऊक होतं, का गोळ्या बंद करू नाई. माह्या भावाले फिट होती. तरी म्या म्हणलं. मातीच्या दिवशीबी तुह्याजवळ येऊन प्रभूची इच्छा म्हणलं, पर हे नाई सांगतलं."

त्या बसल्या. मग पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी हळूच म्हणालं, आम्हीबी म्हणलं होतं. आणि एक बाई रडायला लागली, ती माझी मावससासू होती, नऊ वर्षं माझ्याशी भाजीचे भाव बोलणारी. कोणी आमेन म्हणालं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून खाली बसले.

प्रभुभोजनाला मी निघून जाणार होते. आमच्यात शिकवलेलं आहे, की मन साफ नसताना जो घेतो तो स्वतःवर दोष घेतो. पण मी उठायच्या आतच वाटप सुरू झालं. भाकरीचे तुकडे वाटले, माझ्यापर्यंत आले, मी नुसती मान हलवली आणि ते पुढे गेले. मग काळ्या मनुकांच्या रसाचे छोटे प्याले असलेला ट्रे आला. बायकांच्या बाजूचा ट्रे त्या दिवशी यांच्या हातात होता. ओळीओळीनं वाटत हे मागे आले आणि माझ्यासमोर वाकले. मी मान हलवली. हे पुढे गेले नाहीत. मी पुन्हा हलवली. हे तसेच वाकून उभे. सगळ्यांच्या हातात प्याले होते, सगळ्यांनी एकदमच घ्यायचं असतं, त्यामुळे सगळी मंडळी थांबलेली. यांची कंबर दुखते, वाकून फार वेळ उभं राहवत नाही, ते मला माहीत होतं. ट्रेमधले प्याले एकमेकांना लागून वाजायला लागले. तेव्हा मी एक उचलला. भाकर खाल्ली नव्हती, नुसता रस प्यायले, तेही बरोबर की चूक मला ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर ती तरुण बाई चपलांपाशी थांबली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, गोळ्या चालू ठेवते, काकू. मग तिला रडू आलं आणि ती पोरीचा हात धरून निघून गेली. तिची पोरगी मागे वळून माझ्याकडे बघत होती.

मी आणि हे घरी निघालो. नऊ वर्षांत रविवारी बरोबर चाललो नव्हतो. ऊन तापलं होतं, बाजाराची दुकानं अजून उघडायची होती. मी मनाशी तयारी करत होते. आज मी तोंडानं कबूल केलं होतं, आता यांना बोलायला मोकळं होतं. बोला म्हटलं एकदाचं. मी ऐकून घेईन, उलटून एक शब्द बोलणार नाही, असं ठरवून मी चालत होते.

समितीच्या गेटापाशी हे थांबले. तिथं कडुनिंबाची सावली आहे.

"गोळ्यांचा डबा म्या फेकला नव्हता," हे म्हणाले. "तू फेकून द्या म्हणली, म्या समितीत नेऊन ठेवला. त्या एकोणीस दिवसांत तीनदा खिशात घालून घरी आणला. पोरीले चुपचाप देऊ म्हणून. एकदा तर तिच्यासमोर हात काढला खिशातून. अन् तू आली."

मी त्यांच्या खिशाकडे बघितलं.

"देवाचं भेव नव्हतं मले," हे म्हणाले. "तुह्यं होतं."

मी तिथं गेटाच्या भिंतीला धरून उभी राहिले. हा माणूस मला तोलतो आहे असं मी नऊ वर्षं समजत होते. हा तर स्वतःच्या खिशाला हात लावून बसला होता. तिखट जीभ म्हणून मी जिचं उठता-बसता कौतुक केलं, तिला घाबरून एका बापाचा हात खिशातच राहिला होता. हे ऐकून मला वाईट वाटलं, असं म्हणणं फार लहान होईल. माझ्या पोरीला वाचवायला घरात एक माणूस तीनदा निघाला होता, आणि त्याच्या वाटेत मी होते.

एरवी मी म्हणाले असते, मग द्यायची ना गोळी, मी काय खाल्लं असतं तुम्हाला? ते वाक्य तयारच होतं. मी ते गिळलं.

हे खाली बघत होते. म्हणाले, "तू मले माफ करशील का, हे इतके साल इचारायचं होतं. तू चर्चमध्ये येत नव्हती, तर मले वाटे माह्याच पायी येत नाई."

मी? मी माफ करायचं? ज्या बाईला स्वतःला माफी मागायला तोंड उरलं नव्हतं, तिच्याकडे कोणीतरी माफी मागत होतं. आणि ते खरंच मागत होते. उत्तर दिल्याशिवाय हा माणूस इथून हलणार नाही, हे मला दिसत होतं.

"केलं," मी म्हणाले. "केलं माफ."

मग तेच मी त्यांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली, दोनदा, हो म्हणून.